हत्तीरोगाच्या टेबलावर आमच्या हातालाही जागा द्या

प्रति,
माननीय अध्यक्ष आणि सदस्य,
जिल्हा नियोजन समिती,
सिंधुदुर्गनगरी, ओरोस.

विषय : स्तनाच्या कर्करोगानंतर सुजणाऱ्या हाताच्या उपचाराची सोय तालुक्याच्या ठिकाणी करण्याबाबत.

महोदय, महोदया,

ऑक्टोबर आला की गुलाबी फिती लागतात. आरोग्य केंद्रांत शिबिरं होतात. आशाताई तिशीपुढच्या बायकांचे फॉर्म भरतात, छातीत गाठ लागते का ते घरच्या घरी कसं चाचपायचं ते सांगतात. हे चांगलंच आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझं पत्र त्याच्या पुढच्या भागाविषयी आहे. गाठ सापडली, ऑपरेशन झालं, केमो झाली, शेक दिले, केस परत आले, वाडीतल्या सगळ्यांनी ‘सुटलंस गे बाये’ म्हणून घेतलं आणि वर्ष-दोन वर्षांनी त्याच बाजूचा हात जड व्हायला लागला, तर त्या बाईने जायचं कुठे?

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. माझा उजवा हात सुजतो. माझ्यासारख्या आणखी काहीजणी कुडाळ, वेंगुर्ला, मालवण या भागांतल्या आहेत. एकमेकींच्या ओळखीने आम्ही जमलो. हे पत्र मी एकटीने लिहिलंय, पण त्यातलं बरंचसं त्यांचं आहे.

मागणी पहिल्यांदाच सांगते, म्हणजे पुढचं वाचायला वेळ नसेल त्यांनाही ती कळेल. हत्तीरोगाच्या रुग्णांना पायाची निगा शिकवण्याची जी व्यवस्था राष्ट्रीय कार्यक्रमातून आधीच उभी आहे, तिथेच आम्हालाही बसू द्या. त्याच टेबलाशी एक मोजपट्टी, योग्य पट्ट्या आणि शिकलेला एक माणूस ठेवा. दाबाची बाही, म्हणजे सूज काबूत ठेवायला हातावर चढवायची घट्ट लवचीक बाही, जिल्ह्याच्या पैशातून द्या.

आता हे काय दुखणं आहे ते थोडक्यात. स्तनाचं ऑपरेशन करताना कर्करोग काखेत पसरला असेल तर काखेतल्या लिंफच्या ग्रंथी काढतात, किंवा तिथे रेडिएशन देतात. हातातून जे पाणी, प्रथिनं, पेशींचा केरकचरा या ग्रंथींतून परत रक्तात जायचा, त्याची वाट तुटते. भाताच्या कुणग्याच्या मेरेत, म्हणजे बांधात, पाणी उतरायला ठेवलेली वाट बुजवली की वरचा कुणगा तुंबतो, तसं. उरलेल्या वाटांवर काही जणींचं भागतं, काही जणींचं भागत नाही. याला डॉक्टर लिंफेडीमा म्हणतात. काखेतल्या ग्रंथी मोठ्या प्रमाणात काढलेल्या बायकांमध्ये साधारण पाचांत एकीला हा त्रास होतो. कर्करोग पसरताना जिथे सर्वांत आधी पोचतो त्या एकदोन पहाऱ्याच्या ग्रंथीच काढून तपासल्या आणि बाकीच्या राखल्या, तर शंभरात पाच-सहा जणींना. आपल्याकडे बाई डॉक्टरकडे पोचते तेव्हा बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. म्हणून काख राखणं जमत नाही आणि सुजणारे हात वाढतात. बहुतेकींना पहिल्या दोन-तीन वर्षांत सूज येते, पण दहा वर्षांनी आलेल्याही आहेत.

सूज कायमची जात नाही, पण काबूत राहते. या दोन गोष्टींच्या मध्ये आमचं सगळं आयुष्य आहे. सुरुवातीला हात उशीवर उंच ठेवून झोपलं की सकाळी उतरलेला असतो, बोटाने दाबलं की खड्डा पडतो. याच वेळी ओळखलं तर काही आठवडे दाबाची बाही घालून हात जवळजवळ पूर्ववत होऊ शकतो. लक्ष दिलं नाही तर साचलेल्या पाण्याच्या जागी चरबी आणि घट्ट तंतू धरतात. मग खड्डा पडत नाही, उंच ठेवून उतरत नाही, कातडी जाड होते. आमच्यातल्या बहुतेकींचं निदान या दुसऱ्या टप्प्यावर झालं, कारण पहिल्या टप्प्यावर त्यांचा हात कुणी मोजलाच नाही.

आणि मोजणं म्हणजे काय, तर शिवणाची टेप. मनगटापासून ठरावीक अंतरांवर दोन्ही हातांचा घेर घ्यायचा, वहीत लिहायचा, तीन महिन्यांनी परत घ्यायचा. दोन सेंटिमीटरचा फरक वाढला की फिजिओथेरपिस्टकडे पाठवायचं. आपल्या अंगणवाड्यांत बाळांचा दंडघेर वर्षानुवर्षं मोजला जातो. सेविकेला टेप कुठे लावायची, किती ओढायची, हे कुणी नव्याने शिकवायला नको. ऑपरेशनला जाण्याआधीच उपकेंद्रात दोन्ही हातांचं माप घेऊन ठेवलं तर पुढे तुलना करायला काहीतरी हाती राहतं. यात खर्च आहे तो एका टेपेचा आणि एका वहीचा.

आता कोकणातल्या हाताबद्दल. हे शहरातल्या माहितीपत्रकांत नसतं, म्हणून जरा लांबवते.

पत्रकांत लिहिलेलं असतं, ‘हाताला जखम होऊ देऊ नका, बागकाम करताना हातमोजे घाला.’ आमच्या बायका बागकाम करत नाहीत, त्या लावणी करतात. तरवा उपटताना भाताच्या पात्याने बोटं चिरतात, दिवसभर हात चिखलात असतो. घरी आल्यावर आदोळीवर नारळ खवायचा, मासे साफ करायचे. शेंगटीचा काटा लागला की धड माणसाचाही हात ठणकतो. खाडीकाठच्या बायका खडकावरची कालवं काढतात, तिथे शिंपल्याची धार. उन्हाळ्यात करवंदीचे काटे, आंब्याच्या झाडावरच्या चावऱ्या तांबड्या मुंग्या. आणि काजू. वेंगुर्ला, कुडाळ, सावंतवाडीच्या पट्ट्यात किती बायकांची चूल काजू फोडण्यावर आणि सोलण्यावर पेटते ते आपल्याला ठाऊक आहे. टरफलातलं तेल कातडीला भाजतं. बायका राख नाहीतर खोबरेल लावून काम उरकतात.

सुजलेल्या हातात यातली कुठलीही बारीक चीर पुरते. साचलेलं प्रथिनयुक्त पाणी जंतूंना आयतं मिळतं आणि त्यांच्याशी लढणाऱ्या पेशी वेळेवर पोचत नाहीत. दुपारी हातावर लाल चट्टा, संध्याकाळी हात तापतो, रात्री थंडी वाजून ताप. याला सेल्युलायटिस म्हणतात आणि त्याला त्याच दिवशी अँटिबायोटिक लागतं. उद्या बघू म्हणून चालत नाही. जंतू रक्तात पसरले तर जिवावर बेतू शकतं. शिवाय असा प्रत्येक झटका उरल्यासुरल्या वाटाही खराब करून जातो, म्हणजे पुढची सूज आणखी मोठी.

इथे आपल्या जिल्ह्याची एक खास अडचण आहे. जुलै-ऑगस्टमध्ये शेतातून आलेल्या बाईला थंडीताप म्हटला की सगळ्यांच्या मनात पहिलं नाव येतं लेप्टोचं, म्हणजे चिखलपाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसच्या तापाचं. दुसरं मलेरियाचं. ते योग्यच आहे, लेप्टोने या जिल्ह्यात माणसं गेली आहेत. पण पदराखालचा हात कुणी बघत नाही आणि बाईही दाखवत नाही. आमच्यातली एक अशीच लेप्टोच्या तपासणीचा कागद घेऊन घरी आली आणि रात्रीतून तिचा हात कोपरापर्यंत लाल झाला. पावसाळ्यात ताप बघणाऱ्या प्रत्येक डॉक्टरने, नर्सने एकच प्रश्न वाढवावा : छातीचं ऑपरेशन झालंय का? झालं असेल तर बाही वर करायला सांगावं. आम्हाला एक पिवळं कार्ड द्यावं, त्यावर ‘या बाजूच्या काखेतील ग्रंथी काढल्या आहेत, हात लाल व गरम होऊन ताप आल्यास सेल्युलायटिस समजून आजच उपचार करावेत, सुई, सलाइन व रक्तदाब शक्यतो दुसऱ्या हाताला’ एवढंच मराठीत छापलेलं असावं. ज्यांना वरचेवर झटके येतात त्यांना डॉक्टरांनी ठरवून दिलेलं औषध घरात ठेवू द्यावं. रात्री नऊनंतर आमच्या वाडीतून एसटी नसते.

उपचाराकडे येते, कारण आपल्याला निधीचं बघायचं आहे. याचा उपचार गोळी नाही. आधी चार गोष्टी एकत्र कराव्या लागतात : कातडीची निगा, हलक्या हाताची विशिष्ट मालिश, थरांची पट्टी आणि पट्टी बांधलेल्या हाताचा व्यायाम. हे रोज, सलग दोन ते चार आठवडे. सूज उतरली की मग मापाची बाही, दिवसभर, कायम. यातला ‘रोज’ हा शब्द अधोरेखित करून वाचावा ही विनंती. आमच्यातल्या बायकांची ऑपरेशनं झाली मुंबईला परळला, गोव्याला बांबोळीला, डेरवणला, कोल्हापूरला. तिथे उपचार चांगले झाले, शासनाच्या आरोग्य योजनेतून झाले, त्या त्या ठिकाणच्या लोकांचे आमच्यावर उपकार आहेत. पण देवबागेतल्या बाईने पट्टी बांधून घ्यायला रोज सलग तीन आठवडे बांबोळी गाठायची, हे होणार नाही. तिच्या नवऱ्याची होडी आहे, सासू अंथरुणाला आहे, मुलगी बारावीला आहे. हा उपचार तालुक्याच्या बाहेर ठेवला की तो कागदावर असतो आणि बाईच्या हातावर नसतो.

मग त्या जागी काय काय शिरतं ते पाहा. एका ठिकाणी पाणी उतरायच्या गोळ्या देतात. लघवी वाढते, चक्कर येते, हातातली सूज आहे तिथेच राहते, कारण प्रथिनं मागे उरतात आणि पाणी परत ओढून घेतात. कुणी गरम तेलाने रगडून घेतं. लिंफची मालिश इतकी हलकी असते की नुसती कातडी सरकली पाहिजे, आणि ती हातापासून नाही, मानेपासून आणि दुसऱ्या काखेपासून सुरू होते. औषधाच्या दुकानातून लचकेची क्रेप पट्टी आणून गच्च बांधणाऱ्या आहेत. त्या पट्टीचा ताण विसावलेल्या हातालाही आवळत राहतो. आपल्याला हवी ती कमी ताणाची पट्टी, हात स्वस्थ असताना सैल दाब देणारी आणि स्नायू हलले की आतून पंपासारखं काम करून घेणारी. एकीला तर दुकानदाराने पायाच्या शिरांसाठीचा मोजा दिला आणि कापून वापरा म्हणाला. आम्ही हसलो, पण तिने तो महिनाभर वापरला होता.

सर्वांत जुना सल्ला म्हणजे ‘तो हात वापरूच नको’. घागर उचलू नको, पोर घेऊ नको, खोरं धरू नको. हा सल्ला प्रेमापोटी दिला जातो आणि हात त्याने आखडतो, खांदा धरतो, बाई घरात निरुपयोगी ठरते. २००९ साली अमेरिकेत कॅथरिन श्मिट्झ यांच्या गटाने लिंफेडीमा असलेल्या बायकांना देखरेखीखाली थोडं थोडं वाढवत वजन उचलायला लावलं. सूज वाढली नाही, उलट ती उफाळून येण्याचे प्रसंग कमी झाले. म्हणजे भार हळूहळू वाढवायचा, बाही घालून करायचं, हात जड वाटला तर थांबायचं. लावणीला एकदम पहिल्या दिवशी दहा तास उतरायचं नाही, पण शेत सोडून बसायचंही नाही. हे सांगायला, करून दाखवायला फिजिओथेरपिस्ट हवा, आणि तो कणकवलीत, सावंतवाडीत हवा.

आता बाही. ती हजारांत जाते. माप चुकलं तर पैसे पाण्यात, आणि वर दंडावर वळ. हाताचा पंजा सुजत असेल तर बाहीबरोबर पंजाचा मोजाही लागतो, नाहीतर सगळी सूज खाली पंजात उतरते. साधारण सहा महिन्यांत तिचा ताण जातो आणि नवी घ्यावी लागते. शिवाय एक पुरत नाही. घामाने रोज धुवावी लागते आणि आपल्या पावसात कपडा दोन-दोन दिवस वाळत नाही. चुलीच्या वर वाळवली तर उष्णतेने लवचीकपणा मरतो. ओली घातली तर कातडीला बुरशी. म्हणून दोन बाह्या, वर्षातून दोनदा. ज्या बाईला काजू सोलून दिवसाचे पैसे मिळतात तिला हा हिशेब बसत नाही, तेव्हा ती तीच ढिली बाही तीन वर्षं वापरते, आणि ढिली बाही म्हणजे नुसतं कापड.

मे महिन्यातल्या दमट उकाड्यात बाही घालून बसणं कसं असतं ते लिहीत नाही. आपण सभेत कोट घालून पाहावा. शिंप्याकडे जाऊन ‘उजवी बाही दोन इंच मोठी ठेव’ सांगणं आणि चतुर्थीला एकाच हातात हिरवा चुडा भरून आरतीला उभं राहणं, हेही इथेच आलं. गावात विचारतात, ‘गे, तुका हत्तीरोग झालो काय?’

त्या प्रश्नावरूनच मला हे पत्र सुचलं. राज्यातल्या हत्तीरोगग्रस्त जिल्ह्यांच्या यादीत सिंधुदुर्ग आहे. तो आजार डासांतून येणाऱ्या कृमींचा, आमचा ऑपरेशन-रेडिएशनचा. कारण वेगळं, त्यामुळे त्या रोगाच्या गोळ्या आम्हाला नकोत आणि रात्रीची रक्ततपासणीही नको. पण तुंबलेली वाट तीच, जंतूंचा झटका तोच, आणि निगा तीच : साबणपाण्याने हलकं धुणं, बोटांच्या बेचक्या टिपून कोरड्या करणं, चिरांना मलम, अवयव उंच ठेवणं, ठरलेले व्यायाम. हत्तीरोगाच्या रुग्णाला राष्ट्रीय कार्यक्रमातून टब, मग, साबण, टॉवेल, मलम असा संच मिळतो आणि पाय कसा धुवायचा ते कर्मचारी करून दाखवतात. २०२७ पर्यंत देशातून हत्तीरोग हटवायचं ठरलं आहे. तो हटला तरी ज्यांचे पाय सुजले आहेत त्यांची निगा पुढे चालू ठेवावीच लागणार, म्हणजे हे शिकलेलं मनुष्यबळ लागतच राहील. त्यांना वरच्या अवयवाचं आणखी थोडं प्रशिक्षण दिलं की आमचं काम होतं.

आपल्याच किनाऱ्याला, खाली केरळात कासारगोडला, इन्स्टिट्यूट ऑफ ॲप्लाइड डर्मॅटॉलॉजी ही संस्था हत्तीपायाच्या रुग्णांना धुणं, पट्ट्या, योग आणि श्वसन असं एकत्र शिकवून घरच्या घरी निगा घ्यायला लावते. तिथली माणसं काही श्रीमंत नाहीत आणि हवा आपल्यासारखीच दमट आहे. आपल्या दोन फिजिओथेरपिस्टना आणि चार परिचारिकांना तिथे पाठवणं हा जिल्ह्याच्या आराखड्यात न दिसणारा खर्च आहे. ओरोसला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथल्या विद्यार्थ्यांनाही हे हात बघायला मिळतील.

दोन आक्षेप येतील, ते आधीच घेते. पहिला, ‘अशा बायका किती आहेत?’ मोजल्या नाहीत म्हणून कागदावर कमी आहेत. योजनेतून ज्यांची स्तनाची ऑपरेशनं झाली त्यांची यादी शासनाकडेच आहे, त्या यादीवरून उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांनी एकेकीचे दोन्ही हात मोजावेत, आकडा आपोआप येईल. दुसरा आक्षेप आमच्याच काही जणींचा आहे : हत्तीरोगाच्या दारात रांगेला उभं राहायचं नाही. मला स्वतःला तसं काही वाटत नाही, त्या रांगेतल्या म्हाताऱ्या बायकांनी पाय जपण्यात जी चिकाटी दाखवली आहे ती आमच्यात नाही. पण ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी आठवड्यातला वेगळा वार ठेवावा. मंगळवार त्यांचा, शुक्रवार आमचा, टेबल तेच.

एक गोष्ट नीट नोंदवून घ्यावी. उपचारानंतर नवी सूज आली की ती लिंफेडीमाच आहे असं परस्पर धरू नये. आत रक्ताची गुठळी झालेली असू शकते, कर्करोग काखेत परत आलेला असू शकतो. तेव्हा आधी डॉक्टरांची तपासणी, मग पट्टी. हा क्रम या केंद्राच्या भिंतीवर लावावा.

आराखड्यात ही तरतूद करायची झाली तर एवढंच पाहावं की पट्ट्या आणि बाह्या एप्रिल-मेमध्ये हातात पडाव्यात. खरेदीचा कागद फिरत फिरत दिवाळीला पोचला तर त्या वर्षाची लावणी, आणि तिच्याबरोबर येणारे तापाचे झटके, होऊन गेलेले असतील. मापं आमच्याकडे आहेत. आमच्यातल्या काहीजणी दर महिन्याला दोन्ही हातांचे घेर वहीत लिहितात. पहिल्या खरेदीसाठी कुठल्या मापाच्या किती बाह्या लागतील याचा अंदाज त्यावरून बांधता येईल. वह्या मागितल्यात तर ओरोसला आणून देऊ.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
कुडाळ तालुका